आबांचा भोंगा

माझी मोटारसायकल मी घेतली तेव्हा तिच्यातलं कंपनीचं किती आणि आबांचं किती, हे देवालाच ठाऊक.

मी नर्स आहे, आंदर मावळातल्या एका उपकेंद्रात. दर मंगळवारी लसीचा निळा डबा घेऊन कुठल्या ना कुठल्या वाडीवर जायचं, हे माझं काम. आधी स्कूटी होती. टाकवे बुद्रुक सोडलं की वाड्यांकडं चढणारा रस्ता सुरू होतो. रस्ता म्हणायचं आपलं! दोन वर्षांत त्यानं स्कूटीचं पोट खरवडून काढलं. मग मी घरात जाहीर केलं, आता मोटारसायकल. माझं माहेर कार्ल्याचं. कॉलेजात असताना वडिलांच्या गाडीवर भातखाचरांमधल्या वाटेनं मी गिअर टाकायला शिकले होते. नवरा म्हणाला, "अगं, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणू देत. त्यांच्या पोरांना मीच सुई टोचते, जपून बोलतील."

आबा टाकव्याचे दूधवाले. उभा जन्म वरच्या वाड्यांमधून दूध गोळा करून खाली डेअरीला घालण्यात गेला. डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी गाडी बंद केली. आबांच्या घरासमोर, रस्त्याला लागूनच, ती विकायला उभी होती. बघताक्षणी मला हसूच आलं. दोन्ही बाजूंना कॅन अडकवायच्या लोखंडी चौकटी, मडगार्डला झुलणारी अर्धी निळी स्लीपर, आणि आरसा एकच, तोही रस्ता न दाखवता मागच्या कॅनचं झाकण दाखवणारा. पण आबांनी किक मारली आणि इंजिन असं काही सुरू झालं की मी दुसरी गाडी बघायलाच गेले नाही.

किल्ली देताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "समदं बदला बाई, गाडी आता तुमची हाय. फकस्त भोंगा ऱ्हाऊ द्या."

मी "बरं बरं" म्हटलं. बरं बरं म्हणणं आणि ऐकणं यात किती अंतर असतं, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

आमच्या घराजवळ, बेगडेवाडी स्टेशनच्या बाजूला, एक मिस्त्री आहेत. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. त्यांनी कमरेवर हात ठेवून गाडीला दोन फेऱ्या मारल्या. "बाई, ही चालवायची हाय का जत्रेत ठेवायचीय?"

"चालवायची. हिचं हे सगळं सोंग उतरवा."

पहिला नंबर भोंग्याचाच लागला. सीटखाली दोन तोंडांचा, ट्रकला शोभेल असा भोंगा, आणि तो वाजवायला डाव्या मुठीजवळ चिकटपट्टीनं गुंडाळलेलं घराच्या दारावरच्या बेलचं बटण! त्यावर घंटीचं चित्रसुद्धा होतं. मिस्त्रींनी ते दाबलं आणि समोरच्या टपरीवरच्या माणसाच्या हातातला चहा सांडला. मग कंपनीचं हॉर्नचं बटण दाबलं, तर हेडलाइट गेला. "अरे देवा," मिस्त्री म्हणाले आणि खाली बसले.

आतल्या सगळ्या वायरी पिवळ्या होत्या. सगळ्या! आबांना कुठूनतरी पिवळ्या वायरचं एक भेंडोळं मिळालं असणार, आणि ते संपेपर्यंत त्यांनी दुसरा रंग बघितला नव्हता. मिस्त्रींनी एकेक वायर ओढून बघत दुपार घालवली आणि आबांच्या सात पिढ्यांचं कौतुक केलं. भोंगा गेला, त्याच्या जागी साधा हॉर्न आला. सीटच्या कडेला आतून एक काळं बटण मात्र उरलं. ते खाली केलं काय, वर केलं काय, काहीच होत नव्हतं. "म्हाताऱ्यानं उगाच टाईमपास केलाय," मिस्त्री म्हणाले आणि ते तसंच सोडून दिलं.

मग साइड स्टँड. त्याच्या टोकाला भाकरीचा तवा वेल्डिंग केलेला होता. कापून लहान केलेला, पण तवाच, कडेला काळं धरलेलं तसंच. स्टँड लावला की गाडी एक पाय हत्तीचा केल्यासारखी उभी राहायची. मी म्हटलं, कापा. डावीकडची चौकट पायाला लागायची, तीही काढली. उजवीकडची लसीच्या डब्याला बरोबर बसली म्हणून ठेवली. स्लीपर गेली, आरसे दोन आले. चोकचा दांडा कधीच तुटला होता आणि त्याच्या जागी आबांनी सुतळी बांधली होती, टोकाला शर्टाचं बटण. त्याचा पार्ट मिळेना, म्हणून ती सुतळी राहिली. गाडी धुऊन पुसून समोर आली तेव्हा मला वाटलं, आता कशी माणसात आली.

पुढचे तीन मंगळवार खालच्या गावांत गेले. आबांच्या दारावरूनच रस्ता, पण थांबायला कुठली सवड! चौथ्या मंगळवारी सर्वांत वरच्या वाडीची पाळी होती. तिच्या शेजारच्या वाडीत दोन पोरांना गोवर निघाला होता. वरच्या वाडीत गोवराच्या इंजेक्शनची नऊ पोरं बाकी होती. गोवर काय करू शकतो ते मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका घरात पाहिलंय, आणि ते मला पुन्हा बघायचं नाही. नऊ म्हणजे नऊ व्हायलाच हवी होती.

मागं आमच्या आशाताई बसल्या होत्या. घरोघर फिरून पोरांची यादी त्या करतात, आणि चालत्या गाडीवर बोलायचं त्या थांबवत नाहीत. वाडीत पोचलो. मी हॉर्न वाजवला, पी पी. कोंबडीनंसुद्धा मान वळवली नाही. भाताची लावणी चालू होती, सगळ्या बाया पोरांना घेऊन टेपापलीकडच्या, छोट्या टेकाडामागच्या खाचरांत. फोनला रेंज नाही. शाळेच्या ओट्यावर एक म्हातारी मावशी दोन नातवंडांना घेऊन बसली होती, तेवढीच काय ती वस्ती.

लसीची कुपी एकदा फोडली की चार तासांत वापरायची, नाहीतर टाकायची. मी त्या दोघांना टोचलं आणि चिखलातून टेपापलीकडं गेले. ओरडून ओरडून घसा बसला. वाऱ्यानं माझा आवाज भलतीकडंच नेला असावा. सगळ्यात जवळच्या खाचरातली एक पोर तेवढी हाती लागली. बाकीच्या बाया पार ओढ्यापलीकडं. परत येते तर धाडकन आवाज. गाडी आडवी! माझा कापून सडपातळ केलेला स्टँड चिखलात सुरीसारखा घुसला होता आणि नवा कोरा आरसा फुटला होता. नशीब, डबा आधीच उतरवला होता.

"आबाच्या गाडीला तवा व्हता," मावशी शांतपणे म्हणाली. "त्यो कुटं गेला?"

"काढला."

"आन भोंगा?"

"तोही काढला."

मावशीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी पोरांना चुकीचं औषध देणाऱ्या पालकांकडं बघते. "आगं मग बायांना कळावं कसं? दोन लांब, एक आखूड वाजला की समदी वाडी गोळा व्हती. खाचरात आसू दे न्हाईतर रानात. तुजी पी पी कोन ऐकनार हाय हितं?"

मला स्वतःचा इतका राग आला की काय सांगू! चार तास थांबलो. नवातली तीन झाली, सहा राहिली. उतरताना सगळ्या वाटेवर मला ती सहा पोरंच दिसत होती.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी मिस्त्रींच्या दारात. "भोंगा फेकला का?"

त्यांनी भिंतीकडं बोट दाखवलं. भोंगा खिळ्याला टांगलेला होता. "फेकतोय कशाला? असा आवाज आता मिळत न्हाई."

"लावा. आणि तवापण."

"बाई, परवा तुमीच म्हनला सोंग उतरवा..."

"आता चढवा म्हणते ना!"

तवा भंगारातून शोधून काढला. भोंगा जागेवर बसला, घंटीचं बटण मुठीजवळ आलं, आणि तेव्हा कुठं त्या काळ्या बटणाचा उलगडा झाला. ते खाली केलं की भोंगा बंद. म्हणजे हायवेला आणि गावात बंद, वाडीची चढण लागली की चालू. मिस्त्रींनी चारदा खालीवर करून पाहिलं आणि मान हलवली. "म्हाताऱ्याला डोकं होतं," ते म्हणाले. आबांच्या सात पिढ्यांची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली असेल, निदान मी तरी मागितली.

पुढच्या मंगळवारी आशाताईंना मागं घेऊन मी पुन्हा निघाले. टाकव्याच्या बाहेर पडताना, आबांचं घर मागं टाकल्याबरोबर, मी सीटखाली हात घालून काळं बटण वर केलं आणि चालतो का बघायला एकदा वाजवलं. दोन लांब, एक आखूड. चालत होता. मग वर जाईपर्यंत आशाताईंचं बोलणं चालू होतं.

वाडीच्या तोंडाशी थांबले. स्टँड लावला, तवा चिखलावर बसला आणि गाडी हलली नाही. मी बटण दाबलं.

पहिल्यांदा टेपावर एक डोकं दिसलं. मग दोन, मग रांगच. बाया पळत येत होत्या, लुगडी खोचलेली, पिंढऱ्यांपर्यंत चिखल, आणि प्रत्येक जण आधी घरात शिरून पुन्हा बाहेर पडत होती. मला भरूनच आलं. म्हटलं, बघा, लसीसाठी कशा धावतायत! जवळ आल्या तेव्हा कळलं. प्रत्येकीच्या हातात दुधाची किटली होती.

"आबा कुटंयत?" पुढची धापा टाकत म्हणाली. "आलं न्हाईत व्हय?"

"आबा नाही, मी आहे!"

"मग दूध कुनी न्यायचं?"

"दूध नको मला! पोरं आणा!"

सगळ्यांनी हातातल्या किटल्यांकडं बघितलं. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि जो हशा उठला तो थांबेचना. आशाताई तर ओट्यावर बसून डोळे पुसत होत्या. आबा बंद झाल्यापासून वर दुधाला कुणी येत नव्हतं. भोंगा ऐकून सगळ्यांना वाटलं, आबा बरे झाले. पण आयांच्या मागं पोरं आलेलीच होती, कुणी कडेवर, कुणी पदराला धरून. मी आधी डोकी मोजली आणि मगच कुपी फोडली.

एक, दोन, तीन. चौथा इतका जोरात रडला की त्याच्या आवाजानं पाचवी पळाली, तिला पकडून आणली. सहाव्याला सुई टोचली. यादीवर शेवटची खूण केली. नऊची नऊ.

निघताना मावशी चिकाचा खरवस घेऊन आली, पितळी डब्यात, वर फडकं बांधलेला. "म्हस व्यालीय. आबाला दे. सांग, वाडीनं आठवन काडलीय."

खाली आले तर आबा रस्त्यावर उभे होते. घराबाहेर, काठी टेकून, मान चढणीच्या दिशेला. मी गाडी थांबवली आणि कुणी काही बोलायच्या आत आबाच म्हणाले, "नर्सबाई व्हय?"

मी डबा त्यांच्या हातात दिला, कुणी दिला ते सांगितलं. त्यांनी फडकं सोडून एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "वेलची जास्त. म्हंजी तिनंच केलाय." मग सगळ्या बातम्या विचारल्या, कुणाची म्हैस आटली, कुणाची व्यायची आहे. मला काही सांगता येईना, आशाताईंना सगळं ठाऊक होतं. किटल्यांची गोष्ट ऐकताना ते इतके हसले की काठी निसटली. शेवटी त्यांनी विचारलं, "पोरांचं झालं का?"

"झालं. सगळ्या नऊंचं. तुमच्या भोंग्यामुळं." आणि मग सांगणं भागच होतं. "आबा, मी तो काढून टाकला होता. तुम्ही एवढं सांगूनही."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "चार मंगळवार तुमी हितनं मुक्यानं गेलत्या. इंजिन वळकतो मी, हितंच बसून आसतो. दर खेपेला वाटायचं, आता वाजंल, चढनीला लागल्या की वाजंल. घरात म्हनलो, गेला भोंगा." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "आज वाजला तवापासनं उभा हाय."

सकाळी नऊला मी वर गेले होते. आता दुपारचा एक वाजत आला होता. सीटखालचं बटण चालूच होतं. मी त्यांचा हात धरून मुठीजवळ नेला आणि अंगठा त्या घंटीच्या चित्रावर ठेवला.

आबांनी काठी काखेत मारली, नीट उभे राहिले, आणि वरच्या वाड्यांकडं तोंड करून दाबलं. दोन लांब, एक आखूड.