बाबांसाठी घेतलेला मल्टिमीटर

परवा इथेच ग्रुपवर विचारलं होतं ना, बाबांसाठी डिजिटल मल्टिमीटर कुठला घेऊ? तुम्ही सांगितलात तोच घेतला. मोठे आकडे, आत चांगला फ्यूज. आज दुपारी आला.

बाबा न्हावा शेवाच्या बंदरात क्रेनचे इलेक्ट्रिशियन होते. हल्ली बरंच विसरतात. म्हटलं, मीटर हातात आला की जरा रमतील.

लहानपणी मी मीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात ठेवून घरातलं व्होल्टेज तपासायला निघालो होतो, म्हणजे थेट शॉर्ट सर्किटच, तेव्हा त्यांनी कानाखाली दिली होती. "आधी वायर कुठे लावलीय ते बघ!"

आज मी चहा ठेवायला किचनमध्ये गेलो आणि बाहेर फाटकन आवाज झाला. येऊन बघतो तर लाल वायर अँपिअरच्याच भोकात, आणि बाबा भिंतीवरच्या सॉकेटसमोर. त्यांना काही झालं नाही. मीटरचा फ्यूज उडाला.

मीटर उलटसुलट करत म्हणाले, "खराब पीस दिला रे तुला. परत कर."

"हो बाबा," म्हणालो.

फ्यूज मी बदलेन, त्यांनीच शिकवलंय. कोणाच्या घरी असं असेल तर पुढे काय होतं ते सांगा. 'होईल सगळं नीट' असं मात्र प्लीज लिहू नका.