विहिरीवरचा तवंग

रुक्मिणी परब लग्न होऊन वाकोल्याच्या गावठाणात आली तेव्हा तिला मुंबईतलं काहीच आवडलं नव्हतं. आवडली ती फक्त घरमालक फिलिपची विहीर. तिच्या माहेरी, देवगडच्या वरच्या अंगाला, शिमगा संपला की पाण्यासाठी कातळ तुडवत लांब जावं लागायचं. इथं दार उघडलं की समोर बारमाही पाणी, आणि तेही असं गोडं की डाळ पटकन शिजायची.

फिलिपच्या घराण्याची तिथं एके काळी भातशेती होती. शेतं गेली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. त्याच्याकडे उरलं ते कौलारू घर, भाड्यानं दिलेली खोल्यांची एक रांग आणि ही विहीर. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तो सकाळी विहिरीशेजारी खुर्ची टाकून बसायचा. कठड्यावर कुणी कपडे आपटलेले त्याला खपत नसत. चपला घालून वर चढलेलं तर मुळीच नाही. बाकी पाणी कुणीही न्यावं. मुन्सिपाल्टीचा नळ गल्लीच्या टोकाला होता, त्याची धार करंगळीएवढी आणि त्यावरून रोज भांडणं. त्यामुळे प्यायला, रांधायला सगळी बिऱ्हाडं विहिरीवरच अवलंबून होती. नाताळात फिलिपची बायको एथेल प्रत्येक बिऱ्हाडाला कुलकुलांची, तळलेल्या गोड खाऊची, ताटली पाठवायची. गणपतीत रुक्मिणी त्याच ताटलीत मोदक घालून परत करायची.

रुक्मिणी बोलायला कमी होती. घरात बसून शर्टांना काज-बटणं करायची. ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप झाला, नवरा धाकू घरी बसला, तेव्हा दीड-दोन वर्षं तिच्या सुईवरच घर चाललं. त्या दिवसांबद्दल ती कधी कुणाकडे रडली नाही. पण एथेल सांगायची की तेव्हापासून रुक्मिणीच्या चेहऱ्यावर एक धास्ती बसली ती बसलीच. दारावर कुणी थाप मारली तरी तिचा हात थांबायचा.

मग खूप जणांच्या हातापाया पडून धाकूला वरच्या रस्त्यावरच्या पेट्रोलपंपावर नोकरी मिळाली. गिरणीत साच्यावर कापड विणणारा माणूस गाड्यांच्या काचा पुसू लागला. पण नोकरी ती नोकरी. रुक्मिणीनं त्या दिवशी विहिरीवर नारळ फोडला आणि फिलिपनं ते हसत बघितलं.

पंच्याऐंशीच्या होळीच्या सुमाराची गोष्ट. रुक्मिणीनं पाण्याची बादली ओढून आणून ओट्यावर ठेवली होती. धाकू कामावर जायच्या तयारीत होता. बादलीत त्यानं वाकून पाहिलं तर पाण्यावर मोरपिसासारखे रंग तरंगत होते. त्यानं बोट बुडवून नाकाशी नेलं. मग बादली उचलून त्यानं सगळं पाणी मोरीत ओतलं.

"त्या विहिरीचा पाणी आता घरात आणू नको," तो म्हणाला. "आनि भायर कोणाक काय बोलू नको."

तिनं कारण विचारलं. आधी तो सांगेना. मग दार लोटून हळूच बोलला. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत रोज गज घालून पेट्रोल मोजायचं काम त्याच्याकडे होतं. कित्येक आठवडे विक्री कमी आणि टाकीतली घट जास्त, असं चाललं होतं. त्यानं पंपाच्या शेठला सांगितलं, तर शेठ म्हणाला, गरमीनं उडतं, आणि हे बाहेर बोललास तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस. पेट्रोल कुठं जात होतं ते धाकूला आज कळलं. पंप चढावर होता आणि गावठाण उतारावर.

त्या दिवसापासून रुक्मिणी गल्लीच्या टोकाला नळावर उभी राहू लागली. इतरांनी विहिरीचं पाणी भरणं थांबवलं नव्हतं. तवंग रोज दिसत नसे. वास मात्र असायचा, कधी नाकाला जाणवेल न जाणवेलसा, कधी चांगलाच. बायका म्हणायच्या, कुणीतरी घासलेटचा डबा विहिरीवर विसळला असेल. फिलिप सगळ्यांवर करवादायचा, कुणाकडे कुठला डबा आहे ते जाऊन बघायचा. शेजारच्या खोलीतल्या म्हातारीला चहा पिऊन ओकारी झाली. दोन-तीन घरांत डोकं सतत दुखायचं. एथेलच्या तोंडाला फोड आले, ती गरमीचे समजून मनुका चघळत राहिली. रुक्मिणी हे सगळं दारात बसून बघत होती.

तिचं विहिरीवर न येणं लपण्यासारखं नव्हतं. फिलिपनं ते मनाला लावून घेतलं. एक दिवस एथेल स्वतः तिच्या दाराशी आली.

"आमचं पाणी तुला चालत नाय काय गो?" एथेलनं विचारलं. "एवढी वर्षं पिलंस ना?"

रुक्मिणी म्हणाली, देवीचा नवस आहे, काही दिवस नळाचंच पाणी घ्यायचंय. एथेलला ते खोटं आहे हे तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं. ती परत गेली. रांगेत मग भलतंच बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, परबीण आता आपल्याला वरची समजायला लागली. कुणी म्हणालं, तिनंच विहिरीत काहीतरी टाकलंय, म्हणून तर ती स्वतः ते पीत नाही. माणसं तिच्या दारावरून जाताना बोलणं थांबवू लागली. तिनं धाकूला दोनदा विनवलं, शेठचं राहू दे, फिलिपला तरी सांगूया. धाकू भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पुन्हा संपासारखे दिवस आले तर काय खाशील, एवढंच म्हणाला.

मे महिन्यात विहिरीचं पाणी तळाशी गेलं, की फिलिप दरवर्षी ती उपसून गाळ काढून घ्यायचा. त्या वर्षी त्यानं ठरवलं की वासाचा प्रकार काय आहे तो स्वतः उतरून बघायचा. विहिरीत उतरण्याआधी पेटलेला कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा, ही त्याच्या बापाची पद्धत. ज्योत विझली तर खालची हवा वाईट, माणसानं उतरायचं नाही. हा सावधपणा फिलिपनं आयुष्यभर पाळला होता.

रविवार होता. चर्चमधल्या मिसाहून परत आलेली मंडळी विहिरीभोवती जमली होती. पोरंटोरं कठड्याला लोंबकळत होती. धाकू कामावर गेला होता. रुक्मिणीनं दारातून पाहिलं की एथेल कंदिलाची काच पुसतेय आणि फिलिप दोरीला गाठ मारतोय. काज करता करता ती उठून विहिरीपाशी आली. शर्ट तिच्या हातात तसाच होता.

"अंकल, कंदील आत सोडू नका," ती म्हणाली. "खाली पेट्रोल आहे."

फिलिपनं विचारलं की तुला कुणी सांगितलं. तिनं सांगितलं, आमच्या ह्यांनी. पंपाची टाकी गळते. ते वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं आणि आपण नवऱ्याची नोकरी घालवली हे तिला त्याच क्षणी कळलं.

फिलिपला ते खरं वाटलं नाही. रस्ता कुठं, विहीर कुठं. त्याच्या आजोबानं खणलेल्या विहिरीत पेट्रोल असल्याचं एक भाडेकरीण त्याला चारचौघांत सांगत होती, जी दोन महिने त्याच्या पाण्याला शिवली नव्हती. देवीचा नवस होता ना तुझा, असं तो म्हणाला, आणि दोन-तीन जण हसले. एथेल मात्र हसली नाही. तिनं रुक्मिणीकडे पाहिलं. या खेपेला ती खोटं बोलत नव्हती. एथेलनं पोरांना दंडाला धरधरून कठड्यावरून उतरवलं आणि सगळ्या बायकांना मागं घराच्या पडवीत नेलं. नवऱ्याला तिनं हाक मारली, फिलिप, राहू दे. त्यानं पाठ वळवून कंदील खाली सोडला.

आवाज फार मोठा झाला नाही. ओली चादर जोरात झटकावी तसा झाला. विहिरीच्या तोंडातून ज्वाळा वर आली, फिलिपच्या डोक्याच्याही वर, आणि क्षणात परत आत गेली. तो कठड्यापासून दोन पावलं मागं आला आणि खाली बसला. त्याचे केस, भुवया जळल्या होत्या. हातांची कातडी सुटली होती. विहीर आतून जळत राहिली. तिच्यातून गोळा होऊन वर जाणारा काळा धूर वरच्या रस्त्यावरूनही दिसत होता.

रुक्मिणीनंच त्याच्या अंगावर ओली गोधडी टाकली, आणि टॅक्सीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती एथेलबरोबर इस्पितळात गेली. काही दिवस वाटलं तो वाचेल. एका दुपारी त्यानं रुक्मिणीला बोलावलं. ती खाटेशी उभी राहिली. त्याला नीट दिसत नव्हतं.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"होळीपासून," ती म्हणाली.

पाऊस लागायच्या आत फिलिप गेला.

धाकूची नोकरी त्या रविवारीच संपली होती. शेठनं टाकी धडधाकट असल्याचं सांगितलं. सरकारी माणसं आली, विहिरीचं पाणी बाटल्यांतून भरून घेऊन गेली. पुन्हा दुसरी आली. टाकी उपसून बाहेर काढेपर्यंत पुढचा उन्हाळा आला. ती बाहेर निघाली तेव्हा बघणाऱ्यांना तिच्या बुडाला बोट जाईल एवढी भोकं दिसली. विहिरीवर काँक्रीटची लादी टाकली आणि रांगेला नवा नळ दिला. एथेलनं परबांना खोली सोडायला सांगितलं नाही. लोकांना वाटलं होतं ती सांगेल. ती फक्त रुक्मिणीशी कामापुरतंच बोलायची, आणि नाताळात ताटली पाठवायची बंद झाली. धाकू कधी हमाली, कधी चौकीदारी असं करत राहिला. संध्याकाळी घरी यायला त्याला उशीर व्हायचा, आणि रुक्मिणी कुठं होतास म्हणून विचारत नसे.

बोलायला कमी असलेली रुक्मिणी त्यानंतर बदलली. वाटेत कुणाच्या हातात बादली दिसली की ती थांबायची, वाकून पाणी हुंगायची. नव्या भाडेकरणीला पहिल्या दिवशी सगळी हकीगत सांगायची, जेवणाचा घास हातात असला तरी. लोकांना तिचा कंटाळा यायला लागला. टाकी काढली, विहीर झाकली, आता काय राहिलं, असं ते म्हणायचे. जमिनीत जे मुरलंय ते कुणी काढलंय का, असं ती विचारायची.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात उताराच्या खालच्या अंगाला, नाल्याजवळच्या चाळीत, माणिक नावाची बाई बाळंत होऊन घरी आली होती. तिच्या मोरीतून कसलासा वास येतोय असं रुक्मिणीच्या कानावर आलं. ती भर पावसात तिकडे गेली. मोरीशी उकिडवी बसून तिनं वास घेतला. माणिक म्हणाली, गटाराचा वास असेल मावशी, पाणी तुंबलंय ना. ती बाळाच्या दुधासाठी स्टोव्ह पेटवायच्या बेतात होती. रुक्मिणीनं तिच्या हातातून काड्यापेटी काढून घेतली आणि स्वतःच्या पोलक्यात घातली. माणिक चिडली, शेजारणी जमल्या, कुणीतरी तिला वेडी म्हणालं. ती उंबऱ्यावर बसून राहिली.

संध्याकाळी माणिकचा नवरा कामावरून आला. तो एका गॅरेजमध्ये होता, पेट्रोलचा वास त्याच्या रोजच्या ओळखीचा. त्यानं मोरीशी वाकून वास घेतला आणि बायकोला, बाळाला बाहेर गॅलरीत उभं केलं. मग स्टोव्ह उचलून गॅलरीत नेऊन ठेवला. त्यानंतर तो शेजारच्या खोलीत गेला आणि तिथल्या मोरीशी वाकला. मग त्यापुढच्या खोलीत. रुक्मिणी उंबऱ्यावरूनच त्याला एकेका दारात आत जाताना आणि पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर येताना बघत होती.

दिवाळी आली तेव्हा त्या चाळीतल्या सगळ्या बायका गॅलरीत, पावलापावलावर स्टोव्ह मांडून, रांधत होत्या. आतल्या खोल्यांत कुणी दिवासुद्धा लावत नव्हतं.