दूधभात राजी

राणीसावरगावच्या मनकर्णाबाईला लोक फटकळ म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. मेंढरांमागं उन्हातान्हात जन्म काढलेल्या बाईनं गोड बोलायचं तरी कुणाशी? नवरा गेला तेव्हा पदरात एकच लेक होती, राजेश्री. राजी उशिरा चालली, उशिरा बोलली, आणि अंगानं बाई झाली तरी समजुतीनं सहा-सात वर्षांचीच राहिली. देवऋषी झाले, परभणीचे डॉक्टर झाले. पोरगी अशीच राहणार म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मनकर्णाबाईनं एवढंच विचारलं, की मग माझ्यामागं हिला कोण? 

शाळा राजीला मानवली नाही. मेंढरांमागं धाडावं तर ती वाटेतच बसकण मारी. तिचं म्हणावं असं जगात एकच होतं, संध्याकाळी मारुतीच्या देवळामागं चालणारी पोरींची लंगडी. तिथं ती दूधभात होती. दूधभात म्हणजे खेळात आहे पण हिशोबात नाही. तिला धरलं तरी ती बाद होत नाही, आणि ती दोन्ही बाजूंकडून पळते. लहान भावंडांसाठी असलेली ही सोय पोरींनी राजीला देऊन टाकली होती. त्या पोरी लग्न होऊन गेल्या, त्यांच्या मागच्या आल्या, पण राजीची जागा कुणी मोडली नाही. मोडली ती तिच्या सख्ख्या आईनं.

गेल्या हिवाळ्यात गंगाखेडला एका संस्थेनं अशा मुलामुलींच्या खेळांचा मेळावा भरवला. मेंढरं शेजारणीच्या गळ्यात घालून मनकर्णाबाई लेकीला घेऊन गेली. संस्थेच्या सुकेशनीताईंनी रेघेऐवजी जाड दोर अंथरला होता, म्हणजे हद्द पायाला कळावी. लंगडी घालणाराच्या कमरेला घुंगरू होतं. बाद झालेल्यानं नुसतं बसायचं नव्हतं, पुढच्या गड्याला हात धरून आत आणायचं होतं. राजी बाद झाली, एका पोराला आत घेऊन आली, पुढच्या डावात पुन्हा स्वतः आत गेली. सगळ्यांनी तिच्या नावाचा पुकारा केला. मनकर्णाबाई तोंडाला पदर लावून रडली. निघताना ताई म्हणाल्या, "हिला सूट देऊन वेगळं ठेवू नका. बरोबरीनं खेळवा."

हे शब्द तिनं गाठीला बांधले, कारण ते तिला तिच्याच धंद्यातून पटले. आई मेलेल्या कोकराला हातानं दूध पाजलं की ते माणसाच्या मागंमागं करतं, कळपात चरायला जात नाही. त्याला ढकलावंच लागतं, चार धडका खाऊ द्याव्या लागतात. दूधभात म्हणजे असलंच वरचं दूध, असं तिच्या मनानं घेतलं. दोर, घुंगरू, बाद झालेल्यानं पुढच्याला आत आणणं, हा सगळा तिला मेळाव्याचा थाट वाटला, तो गंगाखेडलाच राहिला.

दुसऱ्याच दिवशी तिनं देवळामागं जाऊन पोरींच्या म्होरकीला, रुपालीला, राजीच्या देखतच बजावलं, "आजपासनं राजी दूधभात न्हाई. धरली की औट."

"आजी, ती रोज पयलीच औट हुईल," रुपाली म्हणाली.

"हू दे. शिकंल."

आणि राजी शिकली. औट म्हणजे रेघेबाहेर जाऊन बसायचं, हे ती इतकं चोख शिकली की कुणाला दोनदा सांगावं लागलं नाही. पण आता तिला एका बाजूला मोजावं लागे, आणि ती जिकडं जाई ती बाजू हरे. गडी वाटताना भांडणं जुंपू लागली. पोरी काही वाईट नव्हत्या, पण रोज रोज हरायला कुणाला आवडतं? एका संध्याकाळी कुणीतरी डाव सुरू व्हायच्या आधीच म्हणालं, "राजी, तू औट." राजी मुकाट्यानं जाऊन बसली. त्या दिवशी भांडण झालं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीही तसंच झालं.

मनकर्णाबाई मेंढरं घेऊन येताना तिला बसलेली बघे. तिला वाटे, आत्ताच बाद झाली असेल. एकदा ती लवकर परतली. पोरी अजून गडी वाटत होत्या आणि राजी आधीच रेघेबाहेर बसलेली होती.  जन्मात कुणापुढं हात न जोडलेल्या बाईनं रुपालीपुढं जोडले, म्हणाली, चुकलं माझं, हिला पुन्हा दूधभात करा.

रुपाली खाली मान घालून म्हणाली, "आमी म्हणून बघितलं, आजी. तीच ऐकंना. म्हणती, माय म्हणली मी दूधभात न्हाई."

मनकर्णाबाईनं लेकीला समजावलं, रागावलं, एकदा तर पाठीत धपाटाही घातला आणि मग स्वतःच रडत बसली. राजीच्या डोक्यात एकदा शिरलेलं निघत नसे. शिरायला महिने लागत, तर निघायला किती लागणार?

पावसाळ्याच्या तोंडाला रुपाली गंगाखेडच्या शाळेत गेली, वसतिगृहावर राहिली. बाकीच्या पोरी पांगल्या, धाकट्यांना मोबाइल पुरे झाला. देवळामागं कुणी फिरकेना. राजी मात्र रोज जाई आणि पुसट झालेल्या रेघेबाहेर अंधार पडेपर्यंत बसे.

शेवटी एका संध्याकाळी मनकर्णाबाई चुलीतली राख घेऊन गेली. तिनं चौकोन आखला, लेकीला सांगितलं की नवा डाव लागलाय, आता आत यायचं. राजी हलली नाही. तेव्हा त्या म्हातारीनं लुगड्याचा काचा मारला, एक पाय उचलला आणि त्या चौकोनात लंगडी घालू लागली. गुडघा बोंबलत होता. ती दोनदा तोल जाऊन पडली, पुन्हा उठली, आणि लेकीला हाका मारत राहिली.

राजीनं बराच वेळ बघितलं. मग आईची कीव आल्यागत हळू आवाजात म्हणाली, "माय, तू एकलीच हायस. एकलीनं डाव हुत न्हाई."

मनकर्णाबाईनं पाय खाली टेकला. मग ती रेघ ओलांडून बाहेर आली आणि लेकीच्या शेजारी बसली.