सरांची चांदी

आमच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांइतका मन लावून काळजी करणारा माणूस मी सबंध नागपुरात दुसरा पाहिला नाही. लोक कारण घडल्यावर काळजी करतात. सर कारण घडायच्या आत करून मोकळे होत आणि मोकळे झाले की दुसरी धरत. मे महिन्यात ते छत्री घेऊन निघत ती उन्हासाठी नव्हे, अवकाळी पाऊस आला तर म्हणून. घराला कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जात, परत येऊन कुलूप ओढून पाहत, पुन्हा निघत, आणि मघाशी ओढताना ते सैल झालं असेल म्हणून तिसऱ्यांदा येत. सावनेरला मेहुण्याकडे जायचं असलं की एसटीत चढण्याआधी ड्रायव्हरजवळ जाऊन रात्री झोप नीट झाली का, हे अदबीनं विचारत. वर्गात गंधकाम्लाचा प्रयोग असला की आम्हाला इतकं मागे बसवत की प्रयोग सरांनाच दिसे, आम्हाला दिसे ती त्यांची पाठ, आणि शेवटी वळून "कोणाले काही झालं नाही ना?" असं विचारणारा घामेजलेला चेहरा. पुढे मी बँकेत कारकून झालो आणि त्यांच्याच गल्लीत बिऱ्हाड केलं. विद्यार्थी होतोच, आता शेजारीही झालो. त्यामुळे त्यांच्या काळज्यांच्या यादीत माझं नाव दोनदा लागलं.

चांदी त्यांच्या आयुष्यात आली ती नोटांमुळे. सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे सरकारने हजाराच्या नोटा रद्द केल्या. सरांनी हजाराची नोट जन्मात हातात धरली नव्हती, पण त्या बातमीने आमच्या गल्लीत झोप उडाली ती एकट्या सरांची. ते दुसऱ्या दिवशी बँकेत आले, माझ्या खिडकीशी वाकले आणि आमची बँक बुडणार आहे का, असं कुजबुजत विचारलं. मी नाही म्हणालो. "बुडणारी बँक आधी सांगते काय गा?" सर म्हणाले.

या भीतीमागे त्यांची मुलगी होती. एकुलती एक, अभ्यासात तल्लख, आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. सरांचं स्वतःचं कॉलेज त्यांच्या आईच्या तोड्यांवर झालं होतं. गिरणीत काम करणाऱ्या त्या माउलीने पायातले चांदीचे तोडे उतरवून विकले आणि मुलाला बी.एस्सी.ला घातलं, हे सर कधी कोणाला सांगत नसत. मला काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, सांगितलं. तेव्हा सरांच्या लेखी भरवशाची वस्तू एकच होती. सोन्याची लगड घरात ठेवायला त्या काळी कायद्याची बंदी होती, आणि कायदा हा शब्द ऐकला की सर आवाज खाली आणत. म्हणून चांदी, तीही दागिन्यांची नव्हे, निखळ.

ठरवलं आणि घेतली, असं मात्र झालं नाही. पाच महिने सर वर्तमानपत्रातला चांदीचा भाव वहीत उतरवत होते. भाव चढला की म्हणत, आता उशीर झाला. उतरला की म्हणत, अजून उतरीन. शेवटी काकूंनीच एक दिवस त्यांची वही कपाटात टाकून किल्ली कमरेला लावली आणि मला सोबत देऊन त्यांना इतवारीच्या सराफ्यात धाडलं.

सरांच्या हातात भाजीची पिशवी होती. वर मेथीच्या दोन जुड्या, चोरांना संशय येऊ नये म्हणून. खाली शाळेच्या प्रयोगशाळेतलं काचेचं मोजपात्र, दोऱ्याचं रीळ आणि बर्फाने भरलेला थर्मास. दुकान लहानसं होतं आणि सराफ वयस्कर, पांढऱ्या मिशांचे, गादीवर तक्क्याला टेकून बसलेले. सरांनी लगड मागितली, आणि ती समोर येताच पिशवीतून प्रयोगशाळा बाहेर काढली. लगडीला दोरा बांधून पाण्यात सोडली, पाणी किती चढलं ते पाहिलं, मग तिच्यावर बर्फाचा खडा ठेवला. खरी चांदी बर्फाला हां हां म्हणता वितळवते. बर्फ वितळला, पाणी गादीवर सांडलं, मेथीची एक जुडी मोजपात्रात पडली. सराफ शांतपणे बघत होते. माझी मान खाली गेली होती.

"मास्तरजी," सराफ म्हणाले, "चाळीस साल झाले मले या गादीवर. लोकं माह्यावर शंका घेतात, अन् मंग रागावतात. तुम्ही शंका घेतली, पन रागावले नाही. चहा घ्या."

चहा पिता पिता त्यांनी सरांना धडा दिला. चांदी घ्यायची तर लगडच घ्या, दागिना नको. दागिन्यात मजुरी जाते आणि विकताना घट बसते. वजन डोळ्यांसमोर करून घ्या. पावती जपा, आणि विकायची झाली तर जिथून घेतली तिथेच आणा. एकदम घेऊ नका. पगार झाला की थोडी थोडी घ्या, म्हणजे भाव चढो की उतरो, जीव टांगणीला लागत नाही. सरांनी हे सगळं लिहून घेतलं. जीव टांगणीला लागत नाही, याच्या पुढे मात्र त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं.

ते बरोबरच होतं. सायकलरिक्षातून परतताना सर पिशवी मांडीवर नव्हे, बुडाखाली घेऊन बसले. घरी आल्यावर लगड आधी तांदळाच्या पिंपात गेली. मग दर दोन तासांनी पिंपात हात घालून ती आहे का हे पाहणं सुरू झालं. "चांदी आल्यापासून मले तांदूळ काढाले परवानगी लागून राहिली," काकू माझ्या बायकोला म्हणाल्या. मी बँकेचा लॉकर सुचवला. दुसरी किल्ली बँकेकडे असते हे कळल्यावर तो विषय संपला. मग लगड कांद्यांच्या टोपलीखाली गेली. पंधरवड्याने एका सकाळी मी दात घासत असताना सर दारात उभे. चेहरा पांढराफटक. चांदी काळी पडली होती. फसवलं म्हणाले, आईचे पैसे गेले म्हणाले. आईचे का म्हणाले, ते त्यांनाही कळलं नसावं.

मी त्यांना बसवलं आणि म्हणालो, "सर, कांद्यातलं गंधक. सिल्व्हर सल्फाइड. तुम्हीच शिकवलं आम्हाला."

"ते परीक्षेत गा," सर म्हणाले. "हे घरातलं होय."

तरीही ते दर महिन्याला इतवारीला जात राहिले. दोन वर्षांत लगडी बऱ्याच झाल्या आणि काकूंच्या स्वयंपाकघरातला एकही डबा निखळ डाळीचा उरला नाही. आणि मग चांदी पिसाळली. भाव रोज चढायला लागला. पानाच्या ठेल्यावर माणसं चांदीबद्दल बोलू लागली. शाळेतले शिक्षक सरांचं अभिनंदन करू लागले, अजून थांबा म्हणू लागले. सर चढत्या भावागणिक वाळत चालले. रात्री भिंतीला कान लावून चोरांची चाहूल घेत. इतकी वाढून राहिली म्हणजे कुठंतरी काहीतरी चुकून राहिलं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एका दुपारी आम्ही दोघं सगळ्या लगडी घेऊन इतवारीला गेलो. या वेळी वर वांगी होती. सराफांनी वजन केलं, त्या दिवसाच्या भावाने पैसे दिले, आणि सर आठ दिवस गाढ झोपले.

नंतर थोड्याच दिवसांत भाव कोसळला. गल्लीत सरांचं नाव झालं. लोक त्यांना आता काय घ्यावं हे विचारायला येऊ लागले, आणि हुशारीने नव्हे, भीतीने विकली, हे सर ज्याला त्याला सांगत बसत. कोणी विश्वास ठेवत नसे. पण सरांचं जेवणावरून लक्ष उडालं होतं. एका रविवारी त्यांनी मला पुन्हा इतवारीला नेलं. पिशवीत भाजी नव्हती; कागदात गुंडाळलेल्या नोटा होत्या.

सराफा सुना होता. सराफ गादीवर एकटेच बसले होते. सर बराच वेळ चपला काढण्यातच गुंतले, मग म्हणाले, "शेटजी, माही चांदी तुम्ही महागात घेतली. तुमचं नुकसान झालं असंन. पोरीच्या फीचे ठेवून बाकीचे आणले आहेत."

सराफांनी नोटांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे ओलसर झाल्यासारखे मला वाटले.

"मास्तरजी, तुमची चांदी त्याच दिवशी गाळून पुढं गेली," ते म्हणाले. "मले तिच्यात खोट आली नाही. पन हे विचाराले या दुकानात आजवर कोनी आलं नाही."

सरांचा चेहरा क्षणभर खुलला आणि लगेच पडला. "मंग पुढं कोणाजवळ गेली?" त्यांनी विचारलं.

सराफ हसले, इतके की त्यांना ठसका लागला. त्यांनी नोटांचं पुडकं सरांच्या हातात परत दिलं आणि वरून त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांनी दाबून धरला.

मुलगी डॉक्टर झाली. तिची नेमणूक दूर, चंद्रपूरकडच्या एका दवाखान्यात झाली, आणि निवृत्तीनंतर सर आणि काकू तिच्याकडे राहायला गेले. तिथून त्यांची कार्डं येत. जंगल जवळ आहे, तेव्हा तिथल्या काळज्या निराळ्या होत्या. साप, अस्वलं, मुलीचं रात्रीबेरात्री जाणं. एका कार्डात शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की निघण्याआधी भेटलो तेव्हा शेटजींना खोकला होता, औषध घेतात का, जाऊन पाहशील का.

मी गेलो. गादीवर त्यांचा मुलगा बसला होता आणि भिंतीवर सराफांची तसबीर होती, हार ताजा होता. मी तसबिरीला हात जोडले आणि परत आलो. घरी येऊन कार्ड लिहायला घेतलं. लिहिलं की शेटजी बरे आहेत, दुकान हल्ली मुलगा पाहतो. त्यातलं दुसरं वाक्य खरं होतं. कार्ड पेटीत टाकताना मनात आलं, पुढच्या कार्डात सर पुन्हा विचारतील. आणि पुन्हा मी हेच लिहीन.