रोलरवाली जीप

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, नसरापूर ते वेल्हे जीप चालवत. धंदा वडापचा, म्हणजे माणशी भाडं घेऊन जीप भरायची, पण अण्णा त्याला 'सर्व्हिस' म्हणत. जीप माझ्यापेक्षा वयानं मोठी. तिचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनातल्या झडपा उघडणारा दांडा, झिजला, टायमिंगची चेन ढिली पडून खडखडायला लागली, तेव्हा अण्णांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून रोलरवाला कॅमशाफ्ट आणला, सोबत नवी चेन आणि तिची दोन दातेरी चाकं. रोलरनं नेमकं काय होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळं ते स्टँडवर सगळ्यांना समजावून सांगत.

घाई मात्र खरी होती. नसरापूरच्या स्टँडवर गाड्या नंबरानं लागत आणि त्याच क्रमानं भरत. सोमवारी सकाळी जीप रांगेत दिसली नाही, तर अण्णांचा पहिला नंबर त्यांच्या चुलत भावाच्या जीपला जाणार होता. अण्णांना उपास घडला असता तरी चाललं असतं, हे नाही.

रविवारी भोरहून मिस्त्री आले. अण्णांपेक्षा वयानं थोडे मोठे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी नवा कॅमशाफ्ट बसवला आणि नवी चाकं अंगणात पोत्यावर मांडली.

"दोनी चाकांवर बारीक ठिपका हाय," ते मला म्हणाले. "ठिपक्यासमोर ठिपका आणायचा, मग चेन चढवायची. एक दाता हुकला की बोंबला."

ठिपके दिसेनात म्हणून त्यांनी त्यांवर लाल खडू फासला आणि दुपारच्या नमाजाला मशिदीत गेले.

आमच्या घरी नवा झाडूसुद्धा कुंकवाशिवाय वापरात येत नसे. "मिस्त्री येईस्तोवर पूजा उरकून घे," अण्णांनी आईला फर्मावलं. पण तेलकट वस्तूला कुंकू लावेल तर ती आमची आई कसली! तिनं चाकं रॉकेलनं लख्ख धुतली, जुन्या लुगड्यानं पुसली, चेनला हळद लावली आणि चाकांना, हाताला येईल तिथं, कुंकवाचं एकेक बोट.

चाचा परतले. नारळ-फुलं बघून त्यांनी आदरानं चप्पल लांब काढली, लाल ठिपक्यासमोर लाल ठिपका आणला, चेन चढवली आणि झाकण आवळलं.

अण्णांनी स्टार्टर मारला. इंजिन सुरू झालं नाही, फुटलं म्हणावं असा आवाज झाला. कार्बोरेटरमधून जाळ आला आणि उघड्या बॉनेटखाली वाकलेल्या माझ्या सख्ख्या काकांची अर्धी मिशी गेली.

"हातात कला न्हाई तुमच्या!" अण्णा चाचांवर कडाडले.

चाचांनी झाकण उघडलं. ठिपक्यावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि दारात उभ्या असलेल्या आईकडं बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. अण्णांचा राग आख्ख्या आळीला माहीत होता.

"माजंच चुकलं, अण्णा," चाचा म्हणाले. "परत बसवतो."

कुंकू पुसून त्यांनी खरे ठिपके शोधले. दिवेलागणीच्या आत जीप सुरू झाली, तीही अशी की अण्णांना आवाजच येईना आणि ती बंद पडली असं वाटून ते परत चावी मारायला लागले.

सोमवारी आम्ही स्टँडवर पहिले. नारळ फोडायला आई आली होती, मागं मी. रात्री आमच्याकडंच राहिलेले चाचा पुढच्या सीटवर, स्टँडवरून भोरची गाडी पकडायची म्हणून. अण्णांचा चुलत भाऊ तोंड पाडून उभा.

"काल फटाका कसला वाजला म्हणं?" त्यानं विचारलं.

"मिस्त्रीनं चूक केली," अण्णा मोठ्यानं म्हणाले, दहा-बारा ड्रायव्हरांना ऐकू जाईल असं. शेजारी बसलेल्या चाचांनी नुसती मान डोलावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला उद्यापासून इथलं कुणी इंजिन दाखवणार होतं का?

आईनं हातातला नारळ माझ्याकडं दिला. आयुष्यात पहिल्यांदा ती चारचौघांत अण्णांच्या पुढं बोलली.

"मिस्त्रींची न्हाई. खुणा म्या पुसल्या. पूजा करायला ह्यांनीच सांगितलं हुतं."

स्टँड खदाखदा हसला. चुलत भाऊ सगळ्यात जास्त. अण्णांनी हॉर्न दाबून धरला, पण हसू काही थांबेना. मग ते चाचांकडं न बघताच म्हणाले, "मिस्त्री, उतरू नका. आधी भोरला सोडतो तुमास्नी."

"आन नंबर?" चाचांनी विचारलं.

"घेऊ दे त्याला," अण्णा म्हणाले आणि गिअर टाकला.