‘सोड!’ म्हणणारे सर

प्राची फेऱ्यांवर फेऱ्या मारत होती, पण उडी काही घेत नव्हती. वेग छान, पाठ ताठ, हात जागेवर. उडीची जागा आली की नुसतीच पुढे निघून जायची.

"अगं, घे ना!" मी ओरडले. नाहीच.

सुरतेत बर्फ मिळतो तो गोळ्याच्या गाडीवर, त्यामुळे आमचं फिगर स्केटिंग चाकांवर चालतं. भेस्तानच्या एका शाळेच्या रिंकवर मी ते शिकवते. प्राची अडली होती ती अॅक्सेलवर. बाकीच्या उड्या पाठमोरं होऊन घेतात, ही समोर बघत. हवेत दीड गिरकी. भल्याभल्यांची घाबरगुंडी उडते. प्राची मात्र घाबरत नव्हती, वाट बघत होती.

कशाची, ते तिच्या आईनं सांगितलं. नवागामला बोरसे सरांकडे ती लहानपणापासून शिकली. सर कठड्याशी उभे राहून नेमक्या क्षणी "सोड!" म्हणायचे. म्हणजे जमीन सोड. मग ती उडायची. राज्य स्पर्धेत कोचना लांब बसवलं, त्यात गाण्याचा दणदणाट. "सोड" ऐकूच आलं नाही. उडी राहिली आणि टीममधली जागाही गेली. आता निवड चाचणी तोंडावर आली होती आणि तिच्या वयोगटात ही शेवटचीच संधी. म्हणून आईनं तिला सरांना न सांगता माझ्याकडे आणलं होतं.

"आते काय करानं, मॅडम?" आई रडवेली झाली. "सरांना कळलं त कोणत्या तोंडानं उभी राहू त्यांच्यासमोर?"

मला रागच आला. चोरून शिकवणं मला जमत नाही. मी तिच्यासमोरच सरांना फोन लावला.

"पोरगी तुमच्याकडे येते ना, मॅडम?" सर म्हणाले. म्हणजे ओळखूनच होते. "तिचं डावं चाक घासतं. बघून घ्या."

"सर, तुमच्या आवाजाशिवाय ती उडत नाही."

सर म्हणाले, "येतो."

मला वाटलं, तिला परत न्यायलाच येताहेत. त्यांना बघून प्राचीचा चेहरा उतरला. सर सवयीनं कठड्याशी उभे राहिले. "चल, अॅक्सेल."

ती वेगात आली. सर गप्प. ती तशीच पुढे गेली. पुन्हा आली, सर पुन्हा गप्प.

"सर, बोला ना!" ती रडत रडत फिरत होती. सरांनी ओठ घट्ट मिटले होते. मला ते बघवेना. मध्ये पडावं असं फार वाटलं, पण पडले नाही.

मग एका फेरीला तिनं सरांकडे बघितलंच नाही. उडाली. उतरताना धडपडली, हात टेकला, उठली.

थेट सरांकडे आली आणि त्यांचा हात तिनं घट्ट धरला. "सर, मी नाही जात कुठे. तुमच्याकडेच येईन."

सरांचे डोळे भरले होते. हळूच म्हणाले, "सोड."

तिनं सोडला.

निवड चाचणीत अॅक्सेल झाला, निवडही झाली. आईनं ती बातमी आधी सरांना कळवली, मग मला. बरोबरच आहे.

पालक अजून विचारतात, जुन्या कोचला सोडावं का? मी म्हणते, आधी त्यांना सांगून या. पुढचं तेच शिकवतील.