तब्येत सुधारली!

घरात आजारी माणूस असलं की औषधांच्या डब्याशेजारी किस्सेही साठत जातात. माझ्या मुलीला, जुईला, ईटिंग डिसऑर्डर आहे. वजन आणखी घटलं तर हृदयाला धोका आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तिची आई असती तर लोकांना तोंडावर उत्तरं दिली असती. ती तीन वर्षांपूर्वी गेली. मी नुसता ऐकून घेतो.

*

पहिला फोन दर्यापूरला, थोरल्या भावाला. अमरावतीत मानसोपचारतज्ज्ञ गाठलेत म्हटल्यावर दादा उखडलेच.

"पोटात काही जाऊन नाही राहिलं, अन् तू दाखवून राहिला डोकं! डॉक्टर तरी बरोबर पाह्य न बे!"

*

जुई सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सगळं धरायची. उपास हे न जेवण्याचं निमित्त आहे, हे कळायला मला वर्ष लागलं. नांदगाव खंडेश्वरच्या माझ्या बहिणीला, शोभाताईला, मात्र भारी कौतुक! स्वतःच्या मुलीला म्हणाली, "पाह्य, शिक काही! तू उपासाले दोन प्लेटा साबुदाणा हाणते. जुई नुसत्या पाण्यावर! हिले नवरा देवासारखा भेटन!"

*

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं न मागता टॉनिक पुढे केलं. "भूक वाढते काका, गॅरंटी!"

"भूक लागते तिला. जेवणाची भीती वाटते."

त्यानं बाटलीबरोबरचा चमचा पुढे केला. "मंग हे चमच्यानं द्या. ताटात नका देऊ!"

*

जुईच्या अकोल्याच्या मामींचा उपाय सोपा. "दोन दिवस वावरात सोयाबीन सोंगाले पाठवा, चार भाकरी खाईन!"

"मामी, ती आधीच भर उन्हात गच्चीवर तासन्‌तास चालते. थांबवावी लागते."

"मंग तर ठणठणीतच आहे न पोरगी!"

*

उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी वजन जरा वाढलं. शेजारच्या काकू फाटकातूनच ओरडल्या, "अगंबाई, तब्येत सुधारली! गाल कसे भरले!"

आपल्याकडे तब्येत सुधारणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. जुईनं चार दिवस पोळीला हात लावला नाही. काकूंना समजवायला गेलो, तर म्हणाल्या, "म्हणजे आता चांगलंही बोलायचं नाही का हो?"

*

मग मामींकडे वास्तुशांती निघाली. जायच्या आधी मी एकेकाला फोन केला. जुईच्या ताटाकडे बघायचं नाही, खाण्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही. सगळ्यांनी कबूल केलं.

पंगतीत जुई माझ्याशेजारी बसली. अर्धी पोळी, वांग्याची भाजी, थोडं वरण. वीस मिनिटं लागली, पण संपवलं. शोभाताई स्वतःच्या ताटात डोळे घालून बसलेली. मामी बुंदी घेऊन आल्या आणि न विचारता पुढे गेल्या. मीही मान वर केली नाही.

मग जुई पोळ्या वाढणाऱ्याला हळूच म्हणाली, "काका, अर्धी पोळी अजून."

वर्षभरात तिनं पहिल्यांदा काही मागून घेतलं होतं. अख्खी पंगत गप्प.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला वरणाची बादली घेतलेले दादा गरजले, "बोलू नका रे कोणी! पोरगी खाऊन राहिली!"